सहाच्या जागी चार

२०१५ च्या जून महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. ते खोटं होतं हे तिला चार वर्षांनी कळलं, तेही मीच सांगितलं म्हणून. मला मात्र ते उत्तर कागदावर लिहितानाच ठाऊक होतं.

आमचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यात. शेतात भात, वरच्या उतारावर थोडी नागली. मी बारावीत असताना वडील गेले. तेव्हापासून घरात आई, धाकटी आणि मी, आम्ही तिघीच. मी संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलं आणि डहाणूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात घरी. डहाणूत एक खोली घेतली होती. शनिवारी दुपारी बस धरून घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे.

धाकटी माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती बी.ए. होऊन घरीच होती, आणि ती घरी होती म्हणून मी डहाणूत राहू शकत होते. आईला काचबिंदू झाला होता. दिवसातून तीन वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागायचे, एकही वेळ चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईचा हात थरथरायचा, थेंब डोळ्यात कमी आणि गालावर जास्त पडायचा. त्यामुळे थेंब धाकटीच घालायची. सकाळी आठला, दुपारी दोनला, रात्री जेवण झालं की.

२०१४ चा पाऊस ओसरल्यावर ती कासाला मधमाशीपालनाच्या शिबिराला गेली. खरं तर मैत्रिणीला सोबत म्हणून गेली होती. मैत्रीण दुसऱ्याच दिवशी माशी चावली म्हणून पळाली, ही मात्र पाचही दिवस बसली. तिथे तिला कैनाडच्या एक मावशी भेटल्या. पन्नाशीच्या, एकट्या, मुलगी सुरतेला दिलेली. इकडच्या रानातल्या सातेरी माश्यांच्या तीसेक पेट्या त्यांच्याकडे होत्या आणि शिबिरात माश्या हाताळून दाखवायला त्यांनाच बोलावलं होतं. मावशींनी तिला जाताना दोन पेट्या दिल्या. म्हणाल्या, सांभाळून बघ, नाही जमलं तर आणून दे.

त्या दोन पेट्या आमच्या घरामागे जांभळाखाली आल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून तिने स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मी शनिवारी आले की ती मला ओढत तिकडे न्यायची. झाकण उचलून एकेक चौकट वर काढायची, माश्या तिच्या मनगटावरून चालायच्या आणि ती हलायची नाही. एरवी ती घरात सारखी काहीतरी पाडणारी, फोडणारी मुलगी. पेटीसमोर मात्र तिचे हात इतके सावकाश चालत की मला ती दुसरीच कोणी वाटायची. राणी दिसली की ती बोटाने दाखवायची आणि मी तितक्या जवळून काही दिसत नाही म्हणून मागे सरायचे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मावशींनी तिला भागीदार हो म्हणून सांगितलं. थंडीत पेट्या बोर्डीच्या चिकू-आंब्याच्या वाड्यांत ठेवायच्या, मार्चनंतर आमच्या बाजूला डोंगरात आणायच्या, करंज, जांभूळ, ऐन ही झाडं फुलतात तेव्हा. पावसात कैनाडला न्यायच्या आणि साखरेचा पाक पाजून जगवायच्या. मावशींचे गुडघे गेले होते, एकटीने आता होत नव्हतं. धाकटीने कैनाडला त्यांच्याकडे राहावं आणि पेट्यांबरोबर फिरावं, असं ठरत होतं.

आणि त्याच सुमारास सरकारी नोकरीचं नेमणूकपत्र आलं. मीच मागे लागून तिला वर्षभरापूर्वी लिपिकाची परीक्षा द्यायला लावली होती. ती पास झाली होती. जागा तलासरीतच, पाड्याखालच्या रस्त्यावरून जीपने वीस मिनिटांवर. तीस दिवसांत रुजू व्हायचं होतं.

त्या शनिवारी मी घरात पाऊल ठेवलं तशी ती म्हणाली, "ताई, तू वर्गात शिकवतेस ना, दोन वाटांपैकी कुठली धरायची त्याचं गणित, ते माझ्यासाठी कर."

एकदा ती डहाणूला आली होती तेव्हा माझा तास संपायची वाट बघत शेवटच्या बाकावर बसली होती. त्या दिवशी मी अपेक्षित उपयोगिता शिकवत होते. तिने लक्ष देऊन ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

ते गणित फार अवघड नाही. समोर जे जे घडू शकतं त्या प्रत्येकाला तुमच्या समाधानाप्रमाणे गुण द्यायचे, शून्य ते शंभर. मग ते घडण्याची शक्यता किती ते ठरवायचं. शक्यतेने गुणांना गुणायचं आणि बेरीज करायची. ज्या वाटेची बेरीज जास्त ती वाट धरायची. गुण ज्याचे त्याने द्यायचे असतात, त्यात दुसऱ्याने बोलायचं नसतं. मी तिला तसंच सांगितलं.

तिने विचार करायला एक दिवस घेतला. नोकरीला साठ गुण दिले. वाईट नाही, पगार येईल, आईजवळ राहीन, म्हणून साठ. माश्यांचा धंदा नीट चालला तर शंभर. बुडाला तर दहा.

"बुडाला तर दहा कशाचे?" मी विचारलं.

"दोन-चार वर्षं तर माझी असतील ना," ती म्हणाली.

नोकरी पक्की होती, तिथे साठ म्हणजे साठ. प्रश्न एवढाच उरला होता की धंदा चालण्याची शक्यता किती. तो आकडा मी काढायचा होता. मी तिच्याकडून आठवडा मागून घेतला.

तो आठवडा मी प्रामाणिकपणे राबले, हे मला सांगायलाच हवं. डहाणू, बोर्डी, कासा इथे मध काढणाऱ्या पाच-सहा जणांना जाऊन भेटले. बोर्डीच्या एका वाडीवाल्याला विचारलं की पेट्या ठेवायला तो दरवर्षी जागा देतो का. शिबिरात शिकवणाऱ्या निवृत्त गृहस्थांच्या घरी तासभर बसले. पेट्या कशाने जातात, किती वर्षांत बसतात, एकट्याने चालतं की दोघं लागतात, सगळं विचारलं. दोघं लागतात, असं प्रत्येकाने सांगितलं. आणि मावशींचा अनुभव, धाकटीचा हात, दोन्ही बाजूंना ठेवायला असलेल्या जागा, हे सगळं धरून मी वहीत पेन्सिलीने आकडा लिहिला. दहात सहा.

शंभर गुणिले सहा दशांश, साठ. दहा गुणिले चार दशांश, चार. बेरीज चौसष्ट. नोकरीचे साठ. माश्या थोड्याशा पुढे होत्या.

हे मी गुरुवारी लिहिलं. शुक्रवारी मला पुण्याहून पत्र आलं. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. मी अर्ज केला होता हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. मिळणार नाही असं धरूनच मी तो केला होता.

पत्र मी खोलीत उभ्यानेच वाचलं. आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग डोक्यात आलं की धाकटी कैनाडला गेली तर आईचे थेंब कोण घालणार. मीच. म्हणजे पुणं नाही.

मी स्वतःशी एवढं सरळ बोलले नाही. मी वही उघडली आणि आकडा पुन्हा तपासायला बसले. मला एक मुद्दा सुचला. मी ज्यांना भेटले ते सगळे टिकलेले लोक होते. जे बुडाले ते मला भेटलेच नव्हते, ते आता कुठेतरी कंपनीत नाहीतर बांधकामावर असतील. टिकलेल्यांनाच विचारलं तर शक्यता फुगलेली दिसणार. हा मुद्दा खोटा नाही, मी तो वर्गात दरवर्षी शिकवते. पण तो मला गुरुवारी सुचला नव्हता. पत्र आल्यावर सुचला.

मग किती कमी करायचं? पाच करून पाहिलं. बेरीज पंचावन्न आली. साठ आणि पंचावन्न, फार जवळ. धाकटी म्हणाली असती, पाचच गुणांचा तर फरक आहे, जाऊ दे मला. मी चार करून पाहिलं. सेहेचाळीस. ते बरं दिसत होतं. मी सहा खोडला आणि चार लिहिला, आणि मग तो सगळा हिशेब एका कोऱ्या कागदावर पेनाने उतरवून काढला, म्हणजे खोडलेलं दिसायला नको.

रविवारी दुपारी आम्ही ओट्यावर बसलो. आई आत आडवी झाली होती. धाकटीने कागद दोन्ही हातांत धरून वाचला.

"चारच?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती म्हणाली, मावशींची तर दहा वर्षं झाली, एवढ्या पेट्या आहेत. मी तिला टिकलेल्या आणि बुडालेल्या लोकांचा मुद्दा समजावून सांगितला. चांगला समजावला. वर्गात सांगते त्याहून चांगला. ती ऐकत होती आणि मध्येमध्ये माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, ती मुद्दा समजून घेते आहे.

"तुझं गणित आहे म्हणजे बरोबर असेल," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून उठली. आतून आईने काय ठरलं ते विचारलं. "नोकरी," ती म्हणाली. आई बरं म्हणाली. इतकी सुटल्यासारखी बरं म्हणाली की मला वाटलं, मी काही वाईट केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पेट्या टेम्पोत घालून कैनाडला पोचवून आली. मावशी काय म्हणाल्या ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुण्याचं मी तिला पंधरा दिवस थांबून सांगितलं, ती रुजू झाल्यावर. तिला खरंच आनंद झाला. माझी बॅग तिने भरली, नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. जीपपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "आईची काळजी करू नकोस. मी आहे."

माझ्या स्वतःच्या निर्णयासाठी मी एकही आकडा मांडला नव्हता. चार वर्षांची शिष्यवृत्ती, पुढे नोकरीची काही खात्री नाही. मांडला असता तर बेरीज काय आली असती कोण जाणे. मला जायचं होतं, मी गेले.

पुण्यातली वर्षं बरी गेली. धाकटी आठवड्यातून दोनदा फोन करायची. ती कार्यालयात असताना आईचे दुपारचे थेंब शेजारच्या काकू घालायच्या. आवक-जावक नोंदवही तिच्याकडे दिली होती. पाड्यांवरून येणारी माणसं कार्यालयात बुजतात, त्यांची मराठी अडखळते. ही त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायची, अर्ज भरून द्यायची. लोक दारात येऊन तिलाच विचारू लागले. हे तिने स्वतः नाही सांगितलं, आईने सांगितलं. नोकरी वाईट नव्हती. साठ गुण तिने बरोबर दिले होते.

२०१७ च्या पावसाळ्यात आईने फोनवर सांगितलं की कैनाडच्या मावशींच्या माश्या गेल्या. बऱ्याचशा पेट्यांना पोळ्याचं मेण खाणारा मेणकिडा लागला, उरलेल्या माश्या पेट्या सोडून उडाल्या. मावशींनी रिकाम्या पेट्या विकून टाकल्या. आई म्हणाली, "तुझ्या गणिताने पोरगी वाचली बघ." मग धाकटीने फोन घेतला आणि तीही म्हणाली, बरं झालं तुझं ऐकलं.

एकदा बुडालं म्हणून चार बरोबर ठरत नाही, दहात सहा शक्यता असली तरी चार वेळा बुडतंच, हे मला कळत होतं. पण मी शाबासकी घेतली. एवढंच नाही. त्या वर्षी विभागात नव्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना मी उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली, एका मुलीने दोन वाटांमधून हिशेबाने वाट निवडली आणि दोन वर्षांनी तो हिशेब खरा ठरला म्हणून. मुलं मन लावून ऐकत होती. शेवटी टाळ्या वाजल्या.

२०१८ च्या दिवाळीत मी घरी येत होते. डहाणूहून कासाच्या बसमध्ये मागच्या बाकावर मावशी दिसल्या. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी लगेच ओळखलं. धाकटीची चौकशी केली, नोकरीत सुखी आहे ना असं विचारलं. मी हो म्हटलं आणि मग मला राहवेना, मी माश्यांचं विचारलं.

त्या शांतपणे सांगत होत्या. त्या पावसात गुडघे फारच धरले होते. पेट्या दर आठ-दहा दिवसांनी उघडून बघाव्या लागतात, तळ साफ करावा लागतो. मेणकिडा आधी तळाशीच लागतो, तेव्हाच हात घातला तर पेटी वाचते.

"मला वाकताच येत नव्हतं, बेन," त्या म्हणाल्या. "वरवर बघायचे. तळ कोणी बघितलाच नाही."

त्या मला दोष देत नव्हत्या. त्यांना त्या कागदाबद्दल काही ठाऊकच नव्हतं. पण मला बसमध्ये बसल्या बसल्या सगळं दिसलं. दोघं लागतात, असं मला प्रत्येकाने सांगितलं होतं. दहात सहा हा आकडा दोघींचा होता. त्यातली एक मी काढून घेतली, आणि मग उरलेली बुडाली तेव्हा माझं गणित बरोबर निघालं म्हणून मी टाळ्या घेतल्या. चारोटीला मावशी उतरल्या. उतरताना त्यांनी खांबाला दोन्ही हातांनी धरलं आणि एकेक पाय खाली टेकवला. त्यांचंही मी काहीतरी घेतलं होतं, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

तरी धाकटीला सांगायला मला आणखी सहा महिने लागले. २०१९ च्या मे महिन्यात प्रबंध देऊन मी परत आले, डहाणूच्या त्याच कॉलेजात, पुन्हा तासिका तत्त्वावर. एका रविवारी आम्ही दोघी तलासरीच्या बाजारातून परतत होतो. जीपने रस्त्यावर सोडलं, तिथून पाड्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चाल. मध्ये एका आंब्याखाली पिशव्या ठेवून ती घाम पुसत होती. मी तिला सांगितलं. आकडा सहा होता, पत्र शुक्रवारी आलं, मी चार केला. मावशींचंही सांगितलं.

तिने पिशवीतून वर आलेले कांदे आत दाबले.

"मला ते गणित कळलंच नव्हतं," ती म्हणाली. "तुला मी नोकरी करावी असं वाटत होतं, तेवढं तुझ्या तोंडावरून कळलं. मी म्हटलं, ताईला माझी काळजी आहे."

मी काही बोलायला गेले, तिने हाताने थांबवलं.

"पुण्याला जायचंय, दोन वर्षं आईजवळ थांब, असं म्हणाली असतीस तर मी थांबले असते. मग माझी पाळी आली असती."

एवढं बोलून तिने दोन्ही पिशव्या उचलल्या, माझीही, आणि पुढे चालू लागली. मी मागून हात पुढे केला तर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. रागावून नाही. तिला ती माझ्याकडे द्यायची नव्हती, एवढंच.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी एकदा म्हटलं, आता मी इथे आहे, तू पुन्हा पेट्या घे, रजा काढून कर, मी आईचं बघते. ती म्हणाली, "आता मला नकोत." मी तिला पुन्हा गुण विचारले असते तर शंभर आले नसते, हे तिच्या आवाजावरून कळलं. नोकरी माझ्या सांगण्याने तिने धरली होती आणि ती निभावतही होती. पण ते शंभर मी कुठून आणून देणार होते?

ऑगस्टमध्ये तिने पालघरला बदली मागून घेतली. आईला आधी सांगितलं, मला नंतर. बदलीचा आदेश हातात आल्यावर तिने मला थेंबांच्या वेळा, औषधाचं नाव, कासाच्या दवाखान्यात कुठल्या वारी डोळ्यांचे डॉक्टर बसतात, सगळं एका कागदावर लिहून दिलं. मी डहाणूची खोली सोडली आणि घरी राहून रोज बसने ये-जा करू लागले. दुपारच्या थेंबांसाठी शेजारच्या काकूंनाच सांगून ठेवलं. पाच वर्षं धाकटीने काय केलं होतं ते मला पहिल्या पंधरवड्यातच कळलं.

पालघरला तिने भाड्याने खोली घेतली आहे. महिन्यातून एकदा येते, आईच्या पायांना तेल लावते, माझ्याशीही बोलते. कॉलेज कसं चाललंय विचारते, कार्यालयातली एखादी गंमत सांगते. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोघी बहिणींचं छान आहे. पण काय करू, असं ती आता मला कधी विचारत नाही. दिवाळीला ती स्कूटरवरून आली, एकटी, पालघरपासून. स्कूटर घेतली, लायसन्स काढलं, हायवेवर चालवायला शिकली, हे सगळं आईला महिनाभरापासून माहीत होतं. मी अंगणात जाऊन स्कूटर छान आहे म्हणाले. ती हो म्हणाली आणि सीटवरची धूळ फडक्याने पुसत राहिली.